जोश गिब्सनचे होमरन ८०० की १७४? निग्रो लीगचा हिशेब

मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगने, कृष्णवर्णीयांच्या जुन्या 'निग्रो लीग'मधले आकडे धरून आपल्या विक्रमांच्या अधिकृत नोंदी बदलल्या. कारकिर्दीतल्या फलंदाजी सरासरीच्या यादीत पिढ्यान् पिढ्या टाय कॉब पहिला होता, ०.३६७. आता त्याच्या वर जोश गिब्सन आला, ०.३७२. गिब्सन २० जानेवारी १९४७ ला वारला, वयाच्या ३५ व्या वर्षी. साठेक वर्षांच्या खंडानंतर मेजर लीगमध्ये पुन्हा एक कृष्णवर्णीय खेळाडू, जॅकी रॉबिन्सन, उतरला तो १५ एप्रिल १९४७ ला. म्हणजे ज्या मेजर लीगच्या यादीत गिब्सन आज अव्वल आहे, तिच्या एकाही संघाकडून तो कधी खेळला नाही.

होमरनचं (चेंडू कुंपणापलीकडे जाणारा फटका, क्रिकेटच्या षटकारासारखा) कोडं याहून अवघड आहे. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममधला गिब्सनचा फलक म्हणतो, १७ वर्षांत जवळजवळ ८०० होमरन. नवी अधिकृत नोंद म्हणते, १७४. दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. फलकाने लीगचे आणि लीगबाहेरचे सगळे सामने धरलेत, नोंदीने फक्त लीगचे. पण एखाद्या व्यावसायिक खेळाडूचे बहुतेक सामने लीगच्या बाहेर का व्हावेत? याचं उत्तर शोधायचं तर कृष्णवर्णीयांच्या या लीग चालायच्या कशा, पैसा कुठून यायचा आणि मैदान कुणाच्या मालकीचं असायचं, तिथून सुरुवात करावी लागते. ('निग्रो' हा शब्द आज कुणी वापरत नाही, वापरूही नये. या लीगची नावंच तशी होती म्हणून इथे तो ठेवलाय.)

आकडे वाचण्यापुरती एक गोष्ट आधी सांगून टाकू. बेसबॉलची सरासरी क्रिकेटसारखी 'धावा भागिले बाद' नसते. फलंदाजाने मारलेल्या हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठला की एक हिट) भागिले त्याच्या 'ॲट-बॅट', म्हणजे मोजणीत धरलेल्या पाळ्या. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार चेंडू बाहेर टाकल्यामुळे फुकट पहिला बेस मिळाला, म्हणजे 'वॉक' मिळाला, तर ती पाळी या मोजणीत येत नाही. ०.३७२ म्हणजे हजार पाळ्यांत ३७२ हिट. ज्याची कारकिर्दीची सरासरी ०.३०० असते तो उत्तम फलंदाज समजला जातो.

कुठेही न लिहिलेली बंदी

१८६७ मध्ये फिलाडेल्फियाच्या पायथियन क्लबने तेव्हाच्या हौशी बेसबॉलपटूंच्या राष्ट्रीय संघटनेकडे सदस्यत्व मागितलं आणि कृष्णवर्णीय सभासद असलेल्या क्लबांना घ्यायचं नाही असं ठरलं. पुढे व्यावसायिक लीग आल्या. त्यांच्या नियमावलीत असं कलम नव्हतं, त्यामुळे तुरळक का होईना, कृष्णवर्णीय खेळाडू दिसायचे. मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) १८८४ मध्ये टोलिडो संघाकडून ४२ सामने खेळला. तो संघ अमेरिकन असोसिएशनमध्ये होता आणि ही लीग 'मेजर' धरली जाते. त्याचा भाऊ वेल्डी पाच सामने खेळला. मग १९४७ पर्यंत कुणी नाही.

दार लागलं ते १४ जुलै १८८७ च्या सुमाराला. शिकागोच्या संघाचा कर्णधार कॅप ॲन्सन हा त्या काळातला सगळ्यात मोठा तारा. नेवार्कविरुद्धच्या प्रदर्शनी सामन्यात समोर जॉर्ज स्टोव्ही आणि वॉकर असतील तर आम्ही खेळणार नाही, असं त्याने कळवलं. ते दोघं खेळले नाहीत. त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार मंजूर करायचे नाहीत असा निर्णय घेतला. बाकीच्यांनी ठरावबिराव न करता तेच केलं. १८९६ मध्ये 'वेगळं पण समान' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केल्यावर तर विचारायलाच नको.

कागदावर काहीच नसल्याने प्रत्येकाला हात झटकता यायचे. १९२० पासून १९४४ पर्यंत मेजर लीगचा कमिशनर, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, असलेल्या केनेसॉ माउंटन लँडिसने तर जाहीरपणे सांगितलं की अशी बंदीच अस्तित्वात नाही. १९११ मध्ये सिनसिनाटीने राफाएल अल्मेइदा आणि आर्मांदो मार्सान्स हे दोन क्यूबन घेतले, तेव्हा त्यांचं रक्त शुद्ध स्पॅनिश असल्याची ग्वाही देण्याची धडपड झाली. बंदी नव्हती तर ही ग्वाही हवी होती कुणाला?

लीगच्या आधी: फिरता धंदा

पहिला पूर्णपणे व्यावसायिक कृष्णवर्णीय संघ म्हणजे १८८५ चा क्यूबन जायंट्स. त्यात क्यूबाचं कुणीच नव्हतं. न्यूयॉर्क राज्यातल्या बॅबिलोन गावच्या आर्गाइल हॉटेलात वेटरचं काम करणाऱ्या खेळाडूंपासून हा संघ उभा राहिला. असे संघ गावोगाव फिरून स्थानिक संघांशी खेळायचे. याला 'बार्नस्टॉर्मिंग' म्हणतात. कमाईचे प्रकार दोन. एक तर ठरलेली रक्कम, गर्दी होवो न होवो. किंवा तिकीट विक्रीतला टक्का. पहिल्यात धोका यजमानाचा, दुसऱ्यात पाहुण्यांचा. पाऊस आला की टक्क्यावर आलेला संघ रिकाम्या हाताने पुढच्या गावी जायचा.

मैदान कुणाचं आणि तारीख कुणाच्या हातात, हे दोन प्रश्न इथूनच सुरू होतात. मैदानं बहुतेक गोऱ्या मालकांची. तारखा ठरवणारे 'बुकिंग एजंट'ही बहुतेक गोरे. न्यूयॉर्कमध्ये नॅट स्ट्राँग, पुढे फिलाडेल्फियात एडी गॉटलीब. एजंटला टाळून मोठ्या शहरात खेळायला जागाच मिळायची नाही. आणि भाव होता तो रविवारचा. ज्यांना आठवड्यात एकच सुट्टी असायची त्या कामगार प्रेक्षकांचा तो एकमेव दिवस. ज्याच्या हातात मोठ्या मैदानाचा रविवार, त्याच्या हातात धंदा.

फॉस्टरची लीग

अँड्र्यू 'रूब' फॉस्टर, टेक्ससमधल्या कॅल्व्हर्ट गावचा, आधी स्वतः नामांकित पिचर. १९११ मध्ये त्याने शिकागो अमेरिकन जायंट्स संघ उभा केला. मेजर लीगमधला शिकागोचा व्हाइट सॉक्स संघ नव्या मैदानावर गेल्यामुळे रिकामं पडलेलं त्यांचं जुनं मैदान जॉन शॉर्लिंग या गोऱ्या भागीदारामार्फत त्याला मिळालं. दक्षिणेकडून उत्तरेच्या शहरांत कृष्णवर्णीयांचं मोठं स्थलांतर चालू होतं. शिकागोतली त्यांची संख्या १९१० मध्ये ४४ हजार होती, १९२० मध्ये १ लाख ९ हजार. घरच्या मैदानाला लागून घरचा प्रेक्षक हे समीकरण जुळलेला तो जवळजवळ एकटा मालक.

१३ फेब्रुवारी १९२० ला कॅन्सस सिटीच्या पासेओ वायएमसीएमध्ये मालकांच्या बैठकीत निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. आठ संघ: शिकागो अमेरिकन जायंट्स, शिकागो जायंट्स, क्यूबन स्टार्स, डेटन मार्कोस, डेट्रॉइट स्टार्स, इंडियानापोलिस एबीसीज, कॅन्सस सिटी मोनार्क्स आणि सेंट लुइस जायंट्स. मोनार्क्सचे जे. एल. विल्किन्सन सोडले तर मालक कृष्णवर्णीय. पहिला सामना २ मे १९२० ला इंडियानापोलिसात. एबीसीजने शिकागो जायंट्सना ४-२ ने हरवलं.

मालकांना खरा धाक होता खेळाडू पळवण्याचा. मेजर लीगमध्ये 'रिझर्व्ह क्लॉज' असायचा: करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच, आणि बाकीचे संघ तो पाळायचे. कृष्णवर्णीय बेसबॉलमध्ये हंगामाच्या मध्यावर शेजारच्या मालकाने पन्नास डॉलर जास्त देऊ केले की खेळाडू सामान बांधायचा. लीगने आपापसातली ही पळवापळवी बंद करायचं ठरवलं आणि प्रत्येक संघाकडून बांधिलकी म्हणून ५०० डॉलर घेतले. शिवाय लढती चुरशीच्या व्हाव्यात म्हणून फॉस्टरने खेळाडूंची वाटणी केली. स्वतःच्या संघातला ऑस्कर चार्ल्सटन, त्या काळातला बहुधा सर्वोत्तम खेळाडू, इंडियानापोलिसला जाऊ दिला. एखादा संघ पगार द्यायला अडला तर पैसे उसनेही दिले.

त्या बदल्यात लीगच्या सामन्यांच्या उत्पन्नातून तो ५ टक्के घ्यायचा. लीगचा अध्यक्ष तोच, सगळ्यात तगड्या संघाचा मालक तोच, तारखा लावणाराही तोच. चांगले रविवार शिकागोलाच का जातात, असं बाकीचे विचारायचे, आणि प्रश्न अगदीच गैर नव्हता. पण त्याच्याशिवाय हे जमवणारं दुसरं कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं.

बिघडायचं कुठे? आठपैकी शिकागो जायंट्स आणि क्यूबन स्टार्स यांना स्वतःचं मैदानच नव्हतं. ते कायम पाहुणे. रेल्वेचं भाडं एवढं की मधल्या वारी एका सामन्यासाठी लांब जाणं परवडायचं नाही. मग लीगचा सामना रद्द आणि त्या दिवशी जवळच्या कारखान्याच्या नाहीतर गावच्या संघाशी खेळ. परिणामी कुणाचे ८० लीग सामने व्हायचे, कुणाचे ४०. विजेता ठरायचा जिंकण्याच्या टक्केवारीवर, आणि त्यावरून हंगामाअखेर भांडणं ठरलेली. डेटन तर एका हंगामातच बाहेर पडला.

१९२३ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या हिलडेल क्लबचा मालक एड बोल्डेन याच्या पुढाकाराने पूर्वेला ईस्टर्न कलर्ड लीग उभी राहिली आणि पश्चिमेचे खेळाडू ओढू लागली. तडजोड होऊन १९२४ मध्ये दोन्ही विजेत्यांची पहिली वर्ल्ड सीरिज झाली. मोनार्क्सने हिलडेलला ५-४ ने हरवलं, एक सामना बरोबरीत. मालिकेचं वेळापत्रक पाहिलं की रविवारचं महत्त्व कळतं. पेनसिल्वेनियात रविवारी तिकीट लावून सामना खेळायला कायद्याने मनाई होती. त्यामुळे शुक्रवार-शनिवार फिलाडेल्फियात आणि ५ ऑक्टोबरच्या रविवारी सगळे बाल्टिमोरला. तिथे नेहमीच्या नऊऐवजी १३ इनिंग्ज होऊनही ६-६. नंतर कॅन्सस सिटी आणि शेवटी शिकागो, जिथला संघ अंतिम फेरीत नव्हताच, पण मैदान आणि प्रेक्षक होते. निर्णायक सामन्यात मोनार्क्सचा क्यूबन व्यवस्थापक होजे मेंदेझ स्वतः पिचिंगला उतरला आणि ५-० ने जिंकला.

१९२६ मध्ये फॉस्टरला मानसिक आजाराने गाठलं. कँकाकीच्या रुग्णालयातच डिसेंबर १९३० मध्ये तो गेला. ईस्टर्न लीग १९२८ मध्ये मोडली, नॅशनल लीग मंदीच्या माराने १९३१ नंतर.

ट्रकवरचे दिवे

या काळातली सगळ्यात कल्पक गोष्ट मोनार्क्सच्या विल्किन्सनने केली. कामगार दिवसा कामावर असतात, म्हणून मधल्या वारी गर्दी नाही. मग सामना रात्री ठेवायचा. त्याने कर्ज काढून फिरते दिवे बनवून घेतले. दुर्बिणीसारखे एकात एक सरकणारे खांब ट्रकच्या हौद्यावर बसवलेले. ट्रक मैदानाच्या कडेने लावायचे, खांब सुमारे ५० फुटांपर्यंत चढवायचे आणि मोठ्या जनरेटरला तारा जोडायच्या. २८ एप्रिल १९३० ला ओक्लाहोमातल्या एनिडमध्ये मोनार्क्स या दिव्यांखाली खेळले. मेजर लीगचा पहिला रात्रीचा सामना त्यानंतर पाच वर्षांनी, २४ मे १९३५ ला सिनसिनाटीत झाला.

अडचणी होत्याच. जनरेटरची घरघर एवढी की खेळाडूंना एकमेकांची हाक ऐकू यायची नाही. उंच उडालेला चेंडू दिव्यांच्या वर गेला की काळोखात गडप, आणि खालचा क्षेत्ररक्षक अंदाजाने धावणार. उजेड मंद असल्याने वेगवान पिचरपुढे फलंदाजाची पंचाईत. तरी लोक लोटले, कारण गावात असा उजेड कुणी पाहिलेलाच नव्हता. दिव्यांनी मोनार्क्सना मंदीतून तारून नेलं, पण लीगमधून नव्हे. १९३१ ते १९३६ ते कुठल्याच लीगमध्ये नव्हते. फिरत राहणंच जास्त फायद्याचं होतं. आज त्या वर्षांतल्या त्यांच्या कामगिरीतलं अधिकृत नोंदीत जवळजवळ काही नाही.

आकड्याचा पैसा

१९३३ मध्ये दुसरी निग्रो नॅशनल लीग उभी केली पिट्सबर्गच्या गस ग्रीनलीने. त्याचा मुख्य धंदा 'नंबर्स', म्हणजे आपल्याकडच्या मटक्यासारखा तीन आकडी जुगार. एक-दोन सेंट, पाच सेंट लावायचे; शक्यता हजारात एक, मिळणार सहाशेपट किंवा त्याहून कमी, उरलेलं चालवणाऱ्याचं. पिट्सबर्गच्याच होमस्टेड ग्रेजचा भागीदार रूफस जॅक्सन, नेवार्क ईगल्सचा एब मॅनली, न्यूयॉर्क क्यूबन्सचा ॲलेक्स पोम्पेझ, सगळे याच धंद्यातले. नाकं मुरडणारे तेव्हाही होते. पण कृष्णवर्णीय व्यावसायिकाला बँक कर्ज देत नसे, आणि वस्तीत रोख पैसा साचायची जागा ही एकच होती. बेसबॉलला भांडवल मिळालं ते तिथून.

ग्रीनलीने त्या पैशातून मैदान बांधलं. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट भागातलं ग्रीनली फील्ड १९३२ मध्ये उघडलं. त्यावर खेळणाऱ्या पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स संघात सॅचेल पेज, जोश गिब्सन, ऑस्कर चार्ल्सटन, 'कूल पापा' बेल आणि जूडी जॉन्सन होते. पाचही जण आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. हे मैदान १९३८ मध्ये पाडलं आणि त्या जागी घरं झाली.

ग्रीनलीची टिकलेली कल्पना म्हणजे ईस्ट-वेस्ट ऑल स्टार सामना. शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये १० सप्टेंबर १९३३ ला पहिला झाला. खेळाडू निवडायचे वाचक, 'पिट्सबर्ग कुरियर' आणि 'शिकागो डिफेंडर'सारख्या कृष्णवर्णीय वृत्तपत्रांतून मतं देऊन. १९४३ मध्ये या सामन्याला ५१,७२३ लोक आले. त्याच वर्षी मेजर लीगच्या ऑल स्टार सामन्याला आले ३१,९३८.

करारांचा दुबळेपणा मात्र तसाच राहिला. १९३७ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा त्रुहियो याच्या नावाच्या संघासाठी पेजला ३० हजार डॉलर देऊ झाले. आणखी आठ खेळाडू घेऊन यायचं आणि आपसात वाटून घ्यायचे. बेल, गिब्सन सगळे गेले. क्रॉफर्ड्स संघ त्यातून सावरलाच नाही. मालकांनी पळालेल्यांवर बंदी घातली, पण गर्दी तर त्यांच्याच नावावर जमायची, त्यामुळे दंडावर भागवावं लागलं. १९४०-४१ मध्ये गिब्सन मेक्सिकोत खेळला, तिथे पगार जास्त आणि हॉटेलचं दार उघडं. ते होमरनही १७४ मध्ये नाहीत.

१७४ कसे उरले

संघाचा साधारण आठवडा असा असायचा. रविवारी मोठ्या मैदानावर लागोपाठ दोन सामने, 'डबलहेडर'. यातला बराच भाग लीगचा. सोमवार ते शनिवार बसने फिरत गावच्या संघांशी, गिरण्यांच्या संघांशी, कधी दिवसात दोन गावांत. मेजर लीग संघात तेव्हा २५ खेळाडू असायचे, इथे १५-१८. त्यामुळे आज पिचिंग केलेला उद्या आउटफिल्डमध्ये. टेड रॅडक्लिफ डबलहेडरच्या एका सामन्यात पिचर आणि दुसऱ्यात कॅचर असायचा, त्याचं टोपणनावच 'डबल ड्यूटी' पडलं. जेवण आणि मुक्काम हा वेगळा कारभार. महामार्गावरची हॉटेलं दारातून परत पाठवायची, म्हणून कृष्णवर्णीय प्रवाशांना घेणाऱ्या जागांची 'ग्रीन बुक' ही मार्गदर्शिका १९३६ पासून निघू लागली. कुठेच सोय झाली नाही तर रात्र बसमध्येच.

अशा वर्षात दीडशे-दोनशे सामने व्हायचे. त्यातले लीगचे साठ ते ऐंशी. मेजर लीगचे सगळे १५४ सामने मोजले जात. गिब्सनचे बाकीचे शेकडो होमरन या फरकात आहेत. ते मारले गेले, लोकांनी पाहिले. पण समोरचा पिचर कधी हॉल ऑफ फेमच्या तोडीचा, कधी शनिवारी हौसेने चेंडू टाकणारा गावचा लोहार. त्यांना एकाच रकान्यात घालता येत नाही. १७४ हा आकडा गिब्सनची ताकद कमी दाखवतो असं म्हणण्यापेक्षा, त्याला लीगमध्ये किती थोडं खेळायला मिळालं ते दाखवतो, असं म्हणणं जास्त बरोबर.

मग लीगच्या सामन्यांची तरी नोंद पूर्ण आहे का? नाही; १९२० ते १९४८ मधली सुमारे तीन-चतुर्थांश हाती लागली आहे. आधार वृत्तपत्रांतल्या 'बॉक्स स्कोअर'चा, म्हणजे सामन्याच्या तक्त्याचा. कृष्णवर्णीय वृत्तपत्रं साप्ताहिक होती. रविवारच्या सामन्याचा तक्ता यजमान संघाने तारेने किंवा टपालाने पाठवायचा. हरलेला यजमान कधी पाठवायचाच नाही. आलाच तर जागेअभावी फक्त धावा-हिट-चुका एवढी एक ओळ छापली जाई. तक्त्यात 'जॉन्सन' एवढंच लिहिलेलं आणि त्या लीगमध्ये जॉन्सन चार. फलंदाजाला मिळालेले वॉक कित्येकदा नाहीतच.

तक्ता बरोबर आहे की नाही हे तपासायची जुनी रीत आहे. एका संघाच्या फलंदाजीला आलेल्या सगळ्यांची बेरीज (ॲट-बॅट, वॉक, चेंडू लागून मिळालेले बेस, सॅक्रिफाइस म्हणजे स्वतः बाद होऊन सहकाऱ्याला पुढे सरकवणं) ही त्यांच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले फलंदाज आणि बाद झालेले, या तिघांच्या बेरजेएवढी यायलाच हवी. कारण फलंदाजीला आलेला प्रत्येक जण शेवटी या तिघांपैकी एकात जातो. वॉक आणि अडकलेले छापलेच नसतील तर ताळाच बसत नाही. मग त्याच सामन्याचा दुसऱ्या शहरातल्या पेपरातला तक्ता शोधायचा, दोन्ही समोर ठेवून फरक सोडवायचा. संशोधकांनी मायक्रोफिल्मवर हे काम दशकानुदशकं केलं, बरेचसे फावल्या वेळात, आणि सीमहेड्स या संकेतस्थळाची आकडेवारी त्यातून उभी राहिली. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ मधल्या सात कृष्णवर्णीय लीगना 'मेजर' दर्जा दिला, सुमारे ३,४०० खेळाडूंना. इतिहासकार जॉन थॉर्न यांच्या समितीने आकडे तपासून मान्य केल्यावर २०२४ चा बदल झाला.

लहान हंगामात सरासरी फुगते, हा आक्षेप घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. गिब्सनची १९४३ ची ०.४६६ ही आता एका हंगामातली सर्वोच्च सरासरी आहे. आधी १८९४ ची ह्यू डफीची ०.४४० होती. १५४ सामन्यांत ०.४६६ टिकवणं कितीतरी अवघड गेलं असतं. पण पात्रतेचा नियम सगळ्यांना एकच आहे: संघाच्या दर सामन्यामागे ३.१ वेळा फलंदाजीला आलेला असावा. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, मेजर लीगचाच हंगाम ६० सामन्यांचा झाला आणि त्याचे आकडे कुणी बाहेर ठेवले नाहीत. शिवाय १८८४ ची युनियन असोसिएशन ही एका हंगामात गाशा गुंडाळलेली, मध्येच संघ बुडालेली लीग मेजर लीगच्या १९६९ च्या समितीने 'मेजर' धरली होती. त्याच समितीने निग्रो लीगचा विचारही केला नव्हता. कारकिर्दीची ०.३७२ मात्र चौदा हंगामांवर पसरलेली आहे. तिला फुगवटा म्हणायला जागा फार कमी.

रॉबिन्सन गेला आणि मागे काय राहिलं

मेजर लीगमधल्या ब्रुकलिन डॉजर्स संघाचा कर्ताधर्ता ब्रांच रिकी २८ ऑगस्ट १९४५ ला रॉबिन्सनला भेटला. रॉबिन्सन तेव्हा मोनार्क्सकडून महिना ४०० डॉलरवर खेळत होता. रिकीने मोनार्क्सना एक पैसा दिला नाही. त्याचं म्हणणं, रीतसर करारच नाहीत, आणि ज्या लीगमागे जुगाराचा पैसा आहे तिला लीग कशाला म्हणायचं. नैतिक मुद्दा होताच. व्यवहारात तो सोयीचाही होता. बाल्टिमोर एलिट जायंट्सचा रॉय कॅम्पानेला आणि नेवार्क ईगल्सचा डॉन न्यूकम हेही असेच फुकट गेले. मालकांना आरडाओरडा करता येईना, कारण आपल्याच प्रेक्षकांना वाटलं असतं की हे रॉबिन्सनच्या वाटेत आडवे येताहेत.

बोलल्या त्या एफा मॅनली, ईगल्सच्या सहमालकीण. १९४६ ची वर्ल्ड सीरिज त्यांच्या संघाने मोनार्क्सकडून ४-३ ने जिंकली होती. जुलै १९४७ मध्ये मेजर लीगमधल्या क्लीव्हलँड संघाचा मालक बिल व्हेक याला लॅरी डोबी हवा होता. मॅनलींनी १५ हजार डॉलर घेतले. पुढे मॉन्टी अर्विनसाठी रिकीकडे त्यांनी भरपाईचा हट्ट धरला, तेव्हा रिकीने अंग काढून घेतलं आणि मेजर लीगमधल्याच न्यूयॉर्क जायंट्सने ५ हजार दिले. त्या काळात चांगल्या गोऱ्या खेळाडूच्या विक्रीत मिळणाऱ्या रकमेपुढे हे किरकोळ होतं, पण निदान कराराला किंमत असते हे मान्य झालं. २००६ मध्ये मॅनली हॉल ऑफ फेममध्ये गेल्या. तिथे पोचलेल्या त्या पहिल्या आणि आजवरच्या एकमेव महिला.

१९४७ च्या अखेरीस मेजर लीगमध्ये खेळून गेलेले कृष्णवर्णीय फक्त पाच होते: रॉबिन्सन, डोबी, हँक थॉम्प्सन, विलार्ड ब्राऊन, डॅन बँकहेड. पण प्रेक्षक त्या पाचांमागे गेले. ईगल्सच्या सामन्यांना १९४६ मध्ये १ लाख २० हजार लोक आले होते, १९४७ मध्ये ५७ हजार, १९४८ मध्ये ३५ हजार. नेवार्कहून डॉजर्सचं मैदान, एब्बेट्स फील्ड, फार लांब नव्हतं. १९४८ नंतर निग्रो नॅशनल लीग बंद झाली, ईगल्स विकला जाऊन ह्यूस्टनला गेला. मागे उरलेली दुसरी कृष्णवर्णीय लीग, निग्रो अमेरिकन लीग, रडतखडत आणखी काही वर्षं चालली. १९५२ मध्ये इंडियानापोलिस क्लाउन्सकडून हँक एरॉन खेळला आणि काही महिन्यांत ब्रेव्ह्जने त्याला उचललं. १९४८ ही अधिकृत मोजणीची शेवटची रेघ आहे ती यामुळेच. त्यानंतरचे आकडे, एरॉनचेसुद्धा, धरलेले नाहीत.

मेजर लीगचंही नुकसान झालं, ते भाड्याचं. १९४६ च्या त्यांच्या एका अंतर्गत अहवालात न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचं कृष्णवर्णीय सामन्यांच्या मैदानभाड्याचं आणि विक्रीचं उत्पन्न वर्षाला जवळजवळ एक लाख डॉलर असल्याची नोंद आहे. बंदी लवकर का उठली नाही याचं एक कारण इतक्या उघडपणे क्वचितच कागदावर आलं असेल.

खेळाडूंपैकी तरणेताठे आणि अव्वल तेवढे आत गेले. मधल्या फळीतल्यांची नोकरी गेली, कारण बहुतेक संघ एक-दोन कृष्णवर्णीयांवर थांबायचे. बोस्टन रेड सॉक्सने पहिला, पम्पसी ग्रीन, १९५९ मध्ये खेळवला. व्यवस्थापक, पंच, कार्यालयातली माणसं यांना तर कुणी विचारलंच नाही. मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक बक ओ'नील १९६२ मध्ये, पहिला पंच एमेट ॲशफर्ड १९६६ मध्ये, पहिला व्यवस्थापक फ्रँक रॉबिन्सन १९७५ मध्ये. या कामांचा अनुभव असलेली माणसं १९४७ मध्ये निग्रो लीगमध्ये डझनांनी होती.

नव्या नोंदींनी ज्यांचे आकडे बदलले त्यांत ओळखीची नावंही आहेत. जॅकी रॉबिन्सनच्या हिट १,५१८ होत्या, मोनार्क्सच्या १९४५ च्या हंगामातल्या ४९ मिळून १,५६७ झाल्या. विली मेज १९४८ मध्ये, शाळेत असतानाच, बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून खेळला होता. त्याच्या ३,२८३ च्या ३,२९३ झाल्या, होमरन ६६० च राहिले. एखाद्या वाचनालयात जुन्या साप्ताहिकाचा हरवलेला अंक सापडला आणि त्यातल्या तक्त्याचा ताळा बसला, की हे आकडे पुन्हा बदलतात. गिब्सनचे १७४ सुद्धा.